लाख (कडधान्य)

लाख : (हिं. खेसारी, तिवडा, बं. खेसारी, गु. लांग, सं. त्रिपुट, कलाय, कुल – लेग्युमिनोजी). वाटाणा, मसूर व अकटा यांच्या गटातील एक वर्षायू कडधान्य. शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस. पूर्व विदर्भात ते लाखोळी या नावानेही ओळखले जाते. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या राळेशी या धान्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. पाऊस लवकर गेला, गारपीट झाली किंवा गव्हावर तांबेरा पडला, तरी लाखेचे पीक बहुधा हाती लागते. यामुळे दुष्काळात ती गरिबांचा आधार ठरली. तथापि दीर्घकाळ तेच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना कायमचे पंगुत्व आणणारे विषही तिच्या दाण्यांत असते. आधार आणि अपाय यांची ही जोडी मानवी इतिहासात वारंवार दिसते. महाराष्ट्रात या धान्याचा प्रश्न विदर्भापुरता असून, तेथे लाखेचे पीक, आहार, व्यापार व कायदा यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे.

वनस्पतिवर्णन : ही ओषधी सु. १५ ते ६० सेंमी. उंच वाढते, ती पुष्कळ फांद्यांची, अर्धवट पसरणारी किंवा आधाराने चढणारी असते. खोड चतुष्कोनी व सपक्ष (कडांवर पातळ पंख असलेले) असते. पाने संयुक्त असून दलके दोन किंवा चार, अरुंद व लांबट असतात; पानाच्या टोकास प्रताने असतात. फुले पतंगरूप, एकेकटी, लांब देठाची, निळी, पांढरी किंवा गुलाबी असतात. शेंग चपटी, २·५ ते ४ सेंमी. लांब असून तिच्या वरच्या शिवणीवर दोन अरुंद पंख असतात. शेंगेत सर्वसाधारणपणे तीन ते पाच बिया असतात. बी कोनयुक्त, पाचरीसारखे, करडे, तपकिरी किंवा ठिपकेदार असते आणि एका बाजूने तासल्यासारखे दिसते. बाजारात इतर डाळींत मिसळलेली लाख ओळखण्यास हीच खूण उपयोगी पडते. गुणसूत्रांची संख्या १४ आहे. परागण मुख्यतः स्वयंपरागण असते. कीटकांमुळे काही प्रमाणात परपरागणही होते. मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्याने जमिनीचा कस वाढतो.

लॅथिरस प्रजातीत सु. १५० जाती असून बहुतेक समशीतोष्ण प्रदेशांतील आहेत. बागेत सुगंधी फुलांसाठी लावण्यात येणारा स्वीट पी याच प्रजातीतील होय. रब्बी पिकांत तण म्हणून उगवणारा पिवळ्या फुलांचा जंगली मटार हीसुद्धा लाखेची सख्खी जात आहे. याच कुलातील ॲस्ट्रॅगॅलस ही प्रजाती वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक असून तिच्या दोन हजारांहून अधिक जाती मुख्यतः मध्य आशिया व हिमालय अशा थंड, कोरड्या प्रदेशांत रानटी अवस्थेत वाढतात. त्यांपैकी काहींपासून डिंक व औषधे मिळतात, तर काही चरणाऱ्या जनावरांना विषारी ठरतात. शेंगावर्गीय वनस्पतींत पौष्टिकता व विष एकत्र नांदण्याची अशी उदाहरणे अनेक आहेत. जनावरे व कीटक यांपासून बियांचे संरक्षण होण्यास ही द्रव्ये उपयोगी पडतात, असे मानले जाते.

प्राचीन इतिहास : लाखेची लागवड बाल्कन द्वीपकल्प किंवा पूर्व भूमध्य सागरी प्रदेश येथे इ. स. पू. सु. ६००० च्या सुमारास सुरू झाली असावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. निःसंशय रानटी असे तिचे पूर्वज आज आढळत नाहीत. भारतात ती ताम्रपाषाण युगात पोहोचली होती. नर्मदेच्या काठी, महेश्वरसमोरील नावडातोली येथे ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननात गहू, मसूर इत्यादींबरोबर लाखेचे जळालेले दाणे मिळाले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या अवशेषांतही तिची नोंद झाली आहे. अर्थात सातपुड्याच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी सु. तीन हजार वर्षांपासून लाख ओळखतो.

संस्कृत वाङ्मयात कलाय हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्रातील रब्बी पिकांच्या यादीत येतो. त्याचा अर्थ कोणी वाटाणा, तर कोणी लाख असा करतात. सुश्रुतसंहितेत कलायखंज हा रोग वर्णिलेला आहे. चालण्यास आरंभ करताना रोग्याचे शरीर कापते, तो लंगडत चालतो आणि त्याचे सांधे सैल झाल्यासारखे होतात, अशी लक्षणे तेथे दिली आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात त्रिपुट हे धान्य लंगडेपणा व पांगळेपणा आणणारे म्हटले आहे. रोगाच्या नावातच धान्याचे नाव असणे लक्षणीय होय. कारण आणि परिणाम यांचा संबंध भारतीय वैद्यांच्या ध्यानात बराच आधी आला होता, असे त्यावरून दिसते.

यूरोपातही हा अनुभव जुना आहे. सतत कडधान्ये खाणाऱ्या लोकांचे पाय अशक्त झाल्याचा उल्लेख हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील ग्रंथांत आढळतो. जर्मनीतील वर्टंबर्ग संस्थानात १६७१ मध्ये लाखेच्या पिठाची भाकरी करण्यास बंदी घालण्यात आली. नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापला असता १८११–१२ मध्ये माद्रिदमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या काळात लाखेच्या पिठावर जगणाऱ्या लोकांचे चित्रण गोया या स्पॅनिश चित्रकाराने एका अम्लरेखित चित्रात केले आहे. त्यात लाखेची लापशी घेण्यासाठी जमलेल्या लोकांजवळ एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली दिसते. या रोगाला लॅथिरिझम हे नाव इटलीतील आर्नाल्दो कांतानी या वैद्यांनी १८७३ मध्ये दिले.

मध्य भारतातील नोंदी : भारतातील या रोगाचे आधुनिक काळातील पहिले सविस्तर वर्णन विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात आढळते. सागर भागातील काही गावांत १८२९ साली गारपिटीने गहू बुडाला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला आणि १८३१ मध्ये गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात न पेरता आपोआप उगवणारी व जनावरांना घातली जाणारी लाख मात्र जोमाने वाढली. लोकांनी पुढे तिच्यावरच गुजराण केली. त्यानंतर तिशीच्या आतील अनेक तरुणांची कमरेखालची शक्ती एकाएकी गेली आणि ती पुन्हा आली नाही. स्लीमन यांच्या या नोंदीत रोगाची मुख्य वैशिष्ट्ये येऊन जातात : एकामागून एक पिके बुडणे, लाखेखेरीज दुसरे अन्न नसणे, तरुण वयातील लोक अधिक प्रमाणात बाधित होणे आणि पंगुत्व कायमचे राहणे.

अलाहाबादचे शासकीय शल्यचिकित्सक जेम्स अर्व्हिंग यांनी १८५९ पासून त्या जिल्ह्यातील अशा पंगू लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात रीवा व सतना हे जिल्हे या रोगाचे मुख्य क्षेत्र म्हणून पुढे आले. तेथे जमीनदाराकडे बांधलेल्या शेतमजुराला मजुरी धान्याच्या रूपात मिळत असे आणि त्या धान्यात लाखेचा वाटा मोठा असे. मालकाच्या घरी गहू, तांदूळ व हरभरा खाल्ला जाई. मजुराच्या घरी वर्षातील कित्येक महिने लाखेचीच भाकरी आणि लाखेचीच डाळ असे. परिणामी एकाच गावात, एकाच शेतात पिकलेल्या धान्याने मजुराचे कुटुंब पांगळे होई, तर मालकाचे कुटुंब निरोगी राही. बंगाल, बिहार व पूर्व विदर्भ येथेही लाख मोठ्या प्रमाणावर पिकत होती. परंतु रोगाचा प्रादुर्भाव सर्वत्र सारखा नव्हता. पिकाचे क्षेत्र आणि रोगाचे क्षेत्र यांतील या तफावतीचा उलगडा मजुरीच्या पद्धतीवरून व ताटातील इतर अन्नाच्या प्रमाणावरून होतो.

वऱ्हाड व पूर्व विदर्भ : विदर्भातील लाखेच्या वाटणीस पर्जन्यमान व पीकपद्धती कारणीभूत आहेत. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांचा वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा, मध्यम पावसाचा आणि कापूस-ज्वारीचा प्रदेश आहे. येथे कपाशीच्या किंवा ज्वारीच्या ओळींत तूर घेण्याची प्रथा जुनी असून, घरची डाळ म्हणजे प्रामुख्याने तुरीची डाळ होय. मूग व उडीद खरिपात आणि हरभरा रब्बीत येत असल्याने लाखेचे स्थान वऱ्हाडात गौणच राहिले. याउलट भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्ह्यांत पाऊस जास्त व मुख्य पीक भाताचे आहे. भात निघाल्यावर बांध्यांत उरलेल्या ओलीवर नांगरट न करता येणारे पीक म्हणून लाखेला तेथे महत्त्व आले.

वऱ्हाडातील मजुरीची पद्धतही वेगळी होती. वर्षाच्या कराराने राहणाऱ्या सालदाराला रोख रकमेबरोबर मिळणारे धान्य मुख्यतः ज्वारीचे असे. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण किंवा बेसन या आहारात एखाद्या वेळी लाख आली, तरी तिचे प्रमाण अल्प राही. तथापि वऱ्हाड या प्रश्नापासून पूर्णपणे अलिप्त नव्हते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये अकोला व बडनेरा यांवरून नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. या घटनांनी वऱ्हाडातील कापसाचे क्षेत्र वाढत गेले. कापूस पिकविणारा शेतकरी व मजूर धान्यासाठी अधिकाधिक बाजारावर अवलंबून राहू लागले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत धान्याचे भाव वाढले आणि शेतीची कामे थांबली, तेव्हा या अवलंबित्वाची झळ मजुरांना सर्वांत जास्त बसली. ज्या प्रदेशात डाळ व पीठ दुकानातून येते, तेथे स्वस्त धान्य महागड्या धान्यात मिसळण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. लाखेची डाळ रंगरूपाने तूर व हरभऱ्याच्या डाळीच्या जवळ जाते, तर तिचे पीठ बेसनात मिसळल्यास डोळ्यांनी ओळखता येत नाही. वऱ्हाडात लाखेचा प्रश्न शेतापेक्षा बाजारात अधिक उद्भवतो तो या कारणाने. अकोला हे डाळ-गिरण्यांचे मोठे केंद्र असल्याने शुद्ध डाळीची ओळख व तपासणी यांना तेथे विशेष महत्त्व आहे.

रोगाचे स्वरूप व कारणमीमांसा : कलायखंज हा रोग बहुधा एकाएकी सुरू होतो. दिवसभर शेतात राबलेला मनुष्य सकाळी उठतो तेव्हा त्याच्या पोटऱ्या ताठरलेल्या असतात आणि गुडघे नीट वाकत नाहीत. रोगाच्या चार अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत रोगी काठीवाचून, परंतु चवड्यांवर अडखळत चालतो. दुसरीत त्याला एक काठी लागते. तिसरीत दोन काठ्या लागतात व पाय एकमेकांवर कात्रीसारखे येतात. चौथीत तो बसून हातांच्या आधाराने सरपटतो. त्याची संवेदना, बुद्धी व वाचा शाबूत राहते आणि आयुर्मानही फारसे घटत नाही. म्हणजे घरातील कमावता मनुष्य पुढची अनेक वर्षे परावलंबी होऊन जगतो. वीस ते चाळीस या वयोगटातील पुरुषांत हा रोग अधिक आढळतो. स्त्रियांत व लहान मुलांत तो तुलनेने कमी असतो. झालेली हानी भरून काढणारे औषध उपलब्ध नाही.

रोगाच्या कारणाविषयी बराच काळ मतभेद होते. १९२० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी लाखेला निर्दोष ठरवून तिच्यात मिसळणाऱ्या अकटा या रानटी तणाच्या बियांवर दोष ठेवला होता. १९६४ मध्ये हा वाद मिटण्याच्या मार्गावर आला. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एस्. एल्. एन्. राव, पी. आर्. अडिगा व पी. एस्. शर्मा यांनी आणि स्वतंत्रपणे दिल्ली येथील संशोधकांनी लाखेच्या बियांतून तंत्रिका तंत्रावर परिणाम करणारे एक ॲमिनो अम्ल वेगळे केले. ओडीएपी या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. मेंदूतील संदेशवहनाचे काम ग्लुटामिक अम्ल करते. ओडीएपीची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ते तंत्रिका कोशिकांना प्रमाणाबाहेर उद्दीपित करते. पायांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या प्रेरक कोशिका त्यामुळे नष्ट होतात. घोडा या विषाला विशेष संवेदनशील आहे. गाई-बैलांना मात्र लाखेचा चारा सर्वसाधारणपणे मानवतो.

विषाचे प्रमाण वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे व हवामानाप्रमाणे बदलते. कोरड्या हवामानात आणि जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत ते वाढते, असे आढळले आहे. ज्या वर्षी पाऊस अपुरा पडतो, त्या वर्षी दाण्यातील विष वाढण्याचा संभव असतो आणि नेमके त्याच वर्षी गरिबाच्या ताटात दुसरे धान्य नसते. एकूण आहारातील ऊर्जेचा सु. एक-तृतीयांश किंवा अधिक भाग दोन-तीन महिने सतत लाखेतून मिळत राहिल्यास रोगाचा धोका संभवतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. लाखेत मिथिओनीन व सिस्टीन ही गंधकयुक्त ॲमिनो अम्ले कमी असतात. ती तृणधान्यांतून मिळाल्यास शरीराला काहीसे संरक्षण लाभते. तांदूळ किंवा ज्वारीबरोबर थोडी लाख खाणाऱ्या प्रदेशांत रोग क्वचित का आढळतो, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते.

दुष्काळाखेरीज सक्तीच्या उपासमारीतही हा रोग उद्भवला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२–४३ च्या हिवाळ्यात, युक्रेनमधील व्हाप्निआर्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना लाखेचे अन्न देण्यात आले आणि काही आठवड्यांतच शेकडो कैदी पंगू झाले. आर्थर केसलर या कैदी डॉक्टरांनी हा रोग ओळखून ते अन्न नाकारण्याचा सल्ला दिला. इथिओपियात १९७६–७७ मध्ये आणि पुन्हा १९९५ नंतरच्या अवर्षणात या रोगाच्या साथी आल्या.

कायदा व वाद : रीवा व इतर भागांतील पाहण्यांनंतर १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत मानवी आहारासाठी लाख व तिचे पदार्थ विकण्यास मनाई करणारी तरतूद करण्यात आली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपविलेली होती. महाराष्ट्राने बंदी अमलात आणली. मध्य प्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल या मोठ्या उत्पादक राज्यांनी ती लागू केली नाही. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. परिणामी पूर्व विदर्भातील शेतकरी लाख पिकवीत राहिला, घरी खात राहिला आणि उरलेला माल कमी भावाने विकत राहिला. उघड बाजार बंद झाल्यामुळे हा माल इतर डाळींत मिसळण्याच्या वाटेला लागला. ज्याच्या रक्षणासाठी कायदा होता त्या मजुराला मजुरी कोणत्या धान्यात मिळावी, याविषयी त्यात काही नव्हते.

नागपूर येथील शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. विदर्भात लाख पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात असून तेथे रोग दिसत नाही, बंदीने गरीब शेतकऱ्याचे व स्वस्त प्रथिनाच्या ग्राहकाचे नुकसान होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुष्काळ आल्यास व दुसरे अन्न दुर्मिळ झाल्यास मध्य भारतातील जुना अनुभव पुन्हा येईल, अशी भीती बंदीच्या समर्थक पोषणतज्ज्ञांना वाटत होती. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये बंदी उठविली. तथापि २०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांत लाखेच्या विक्रीवरील निर्बंध कायम राहिले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या जिल्ह्यांत पाहणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार तेथे लाख खाल्ली जात असूनही रोगाचा नवा प्रादुर्भाव दिसून आला नाही. २०१६ च्या आरंभी कमी विषारी वाणांना मोकळीक देण्याची शिफारस पुढे आली, तेव्हा हा वाद पुन्हा जागा झाला. कमी विषारी वाणाचे दाणे आणि जुन्या वाणाचे दाणे बाजारात वेगळे कसे ओळखावेत, हा त्यातील सर्वांत अवघड मुद्दा होता.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यास आधार आहे. विदर्भातील निर्धास्त अनुभव खरा आहे आणि रीवा येथील पांगळ्या मजुरांचा अनुभवही तितकाच खरा आहे. दोहोंतील फरक प्रामुख्याने लाखेच्या आहारातील प्रमाणाचा आहे व ते प्रमाण मजुराची ऐपत ठरविते. मजुरी रोख मिळू लागल्याने आणि स्वस्त धान्य दुकानांतून गहू व तांदूळ उपलब्ध झाल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग भारतात झपाट्याने घटला. या घटीचे श्रेय बंदीपेक्षा आहारातील या बदलाकडे अधिक जाते.

लागवड : लाख हे रब्बी हंगामातील पीक आहे. भारी, ओल धरून ठेवणारी काळी जमीन तिला मानवते; सुरुवातीस पाणथळ व पुढे कोरडी, अशा दोन्ही अवस्था ती सहन करते. भातपट्ट्यात ती उतेरा पद्धतीने घेतात. भात कापणीपूर्वी सु. दहा ते पंधरा दिवस उभ्या पिकातच बी फेकतात. भात निघतो तोवर रोपे रुजलेली असतात व उरलेल्या ओलीवर वाढतात. नांगरणी, खत व पाणी यांचा खर्च जवळजवळ नसतो. फोकून पेरल्यास हेक्टरी सु. ७० ते ८० किग्रॅ. बी लागते, तयार केलेल्या जमिनीत पाभरीने पेरल्यास सु. ४० ते ५० किग्रॅ. पुरते. पीक सु. चार महिन्यांत तयार होते. शेंगा पूर्ण वाळू दिल्यास त्या तडकून बी गळते; म्हणून झाडे पिवळी पडताच सकाळच्या वेळी कापतात, खळ्यावर वाळवितात आणि मळणी करतात. मावा व भुरी यांचा उपद्रव होतो.

सुधारित वाण : विषाचे प्रमाण कमी असलेले वाण निर्माण करण्याचे प्रयत्न १९६४ नंतरच्या काळात सुरू झाले. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रथम पुसा-२४ हा वाण दिला. त्यापासून ऊतक संवर्धनाच्या तंत्राने रतन हा वाण तयार करण्यात आला व १९९७ मध्ये तो प्रसारित झाला. रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक व त्यानंतर महातिवडा हे वाण दिले. या तिन्ही वाणांत ओडीएपीचे प्रमाण सु. ०·१ टक्का किंवा त्याहून कमी असते. जुन्या स्थानिक वाणांत ते याच्या कित्येक पट असू शकते. शेजारच्या शेतातील जुन्या वाणाशी परपरागण झाल्यास हा गुण पुढील पिढ्यांत टिकत नाही. म्हणून शुद्ध बियाण्यांचा नियमित पुरवठा आवश्यक ठरतो. विदर्भातील अकराही जिल्हे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोला येथील पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या (आताचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) कार्यक्षेत्रात येतात. पश्चिमेकडील तूर-हरभऱ्याचा व पूर्वेकडील भात-लाखेचा असे दोन्ही पट्टे एकाच विद्यापीठाकडे असल्याने शुद्ध बियाणे व शेतकऱ्यांचे प्रशिक्षण यांबाबत त्याच्यावर विशेष जबाबदारी येते.

उपयोग व दक्षता : लाखेच्या १०० ग्रॅ. डाळीत सु. २८ ग्रॅ. प्रथिने, ५७ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक स्निग्ध पदार्थ असतात, तिच्यापासून सु. ३४५ कॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिनांच्या बाबतीत ती तूर व हरभरा यांपेक्षा सरस आहे. डाळीचे वरण, पिठाची भजी व वडे करतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात व ती वाळवून पावसाळ्यासाठीही ठेवतात. पाला व भुसा जनावरांना घालतात.

ओडीएपी पाण्यात विरघळते. डाळ भरपूर उकळत्या पाण्यात काही तास भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेने १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत तपासून पाहिली. काही जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर जातात आणि जेथे पाणी व सरपण दोन्ही दुर्मिळ असतात तेथे ती पाळणे कठीण पडते, हे तिचे दोष होत. बेसनात किंवा डाळीत लाख मिसळली असल्याची शंका आल्यास नमुना विरल हायड्रोक्लोरिक अम्लात घालून सु. पंधरा मिनिटे गरम पाण्यावर ठेवतात. गुलाबी रंग आल्यास भेसळीची शक्यता असते. पिवळा कृत्रिम रंग वापरला असल्यासही असाच रंग येतो, म्हणून अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीने करावा लागतो.

अवर्षणात टिकणारी, खर्च न मागणारी व जमिनीचा कस वाढविणारी पिके पावसाच्या अनिश्चिततेमुळे पुन्हा महत्त्व पावत आहेत. लाख त्यांत अग्रेसर आहे. कमी विषारी वाण, मिश्र आहार आणि दुष्काळातही मजुराला तृणधान्य मिळण्याची हमी या तीन गोष्टी एकत्र असतील, तेथे ती सुरक्षित अन्न ठरते. यांपैकी पहिली गोष्ट कृषिसंशोधनाने बऱ्याच अंशी साध्य केली आहे; उरलेल्या दोन्हींची जबाबदारी समाज व शासन यांच्यावर आहे.